बालविभाग: एका कपाटाची समीक्षा

समीक्षा पुस्तकाची होते, सिनेमाची होते, हल्ली वेब सिरीजच्या एकेका एपिसोडचीही होते. कपाटाची कुणी करत नाही. पण सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागातलं कपाट हा माझ्या मते एक संपादित ग्रंथच असतो. त्यात काय घ्यायचं, काय वगळायचं, काय मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं आणि काय स्टूल घेतल्याशिवाय हाताला लागणार नाही अशा उंचीवर, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. किंवा कुणीच ठरवलेलं नसतं, आणि तेही वाचता येतं. ज्या घरात पुस्तकं विकत येत नाहीत, त्या घरातल्या मुलाला मराठी बालसाहित्य म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकानंतर या एका कपाटातूनच कळणार असतं. म्हणून हा लेख.

गेल्या दीड-दोन वर्षांत, वीकेंडला पुण्याहून गावाकडे जाता-येता, सहा-सात तालुक्यांच्या आणि मोठ्या गावांच्या वाचनालयांतली ही कपाटं मी पाहिली. नावं लिहीत नाही, कारण मुद्दा कुठल्या एका वाचनालयाचा नाही. गंमत म्हणजे नावं लिहून उपयोगही नव्हता; एका गावातलं कपाट उचलून दुसऱ्या गावात नेऊन ठेवलं असतं तर कुणाच्या लक्षात आलं नसतं.

काच, काचेला कुलूप, आत पुस्तकं. वरच्या दोन खणांत चरित्रं: शिवाजी महाराज, टिळक, सावित्रीबाई, आंबेडकर, विवेकानंद, कलाम. त्याखाली इसापनीती, पंचतंत्र, अकबर-बिरबल, तेनालीराम, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रकाशकांच्या आवृत्त्या. मग शीर्षकात 'संस्कार' किंवा 'बोध' हा शब्द असलेला जाड थर. तळाच्या खणात निबंधमाला, घरच्या घरी विज्ञानप्रयोग, शिष्यवृत्ती मार्गदर्शक. यातली बरीचशी पुस्तकं बत्तीस ते चौसष्ट पानांची, मधोमध पिना मारलेली, संचात आलेली. संचातलं पहिलं पुस्तक जरा मळलेलं असतं, उरलेली कोरी. दहा पुस्तकांचा संच मुलानं एका पुस्तकात ओळखलेला असतो.

या बारीक बोधकथांची मी थोडी जास्तच वाचली. त्यांचं व्याकरण पक्कं आहे. मूल खोटं बोलतं किंवा आळस करतं किंवा हट्ट करतं, त्याचा तोटा होतो, आजोबा, गुरुजी किंवा एखादा बोलका पोपट समजावतो, मूल सुधारतं. इनपुट काहीही द्या, आउटपुट तेच, असं फंक्शन आमच्याकडे कुणी लिहिलं तर कोड रिव्ह्यूमध्ये विचारतील की मग इनपुट घेतोस कशाला? या गोष्टींतल्या मुलाला काही दिसत नाही, कशाचं हसू येत नाही, कुणाचा कंटाळा येत नाही. ते फक्त चुकायला आणि सुधारायला जन्माला आलेलं असतं.

आता हीच पुस्तकं सगळीकडे का? 'लेखक-प्रकाशकांना मुलांची पर्वा नाही' हे उत्तर सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. कारण व्यवस्थेत आहे, आणि व्यवस्था समजून घ्यायला फार वेळ लागत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. आपल्याकडे बहुतेक वाचनालयं सरकार चालवत नाही. स्थानिक संस्था चालवतात आणि सरकार अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान देतं. शेजारच्या कर्नाटकात आणि केरळात ग्रंथालयांसाठी कर आहे. आपल्या कायद्यात तो नाही. सगळ्यात खालच्या ड वर्गाच्या ग्रंथालयाला कितीतरी वर्षं वर्षाला तीस हजार रुपये मिळत होते. २०२२मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ झाली. तरी हिशोब करून बघा: यात माणसाचा पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं. आणि वर्ग टिकवायचा किंवा वरचा मिळवायचा तर पुस्तकांची संख्या दाखवावी लागते.

इथे माझ्यातला इंजिनिअर सावध होतो. आमच्या धंद्यात कोणे एके काळी प्रोग्रॅमरचं काम त्यानं लिहिलेल्या ओळी मोजून ठरवायचे. परिणाम काय होणार? लोकांनी ओळी वाढवल्या. जिथं पुस्तकांची संख्या मोजली जाते तिथं बारीक, स्वस्त, भरपूर सवलतीत मिळणारी पुस्तकं जिंकतात. एका चांगल्या, जाड कागदावरच्या, चार रंगांतल्या चित्रपुस्तकाच्या किमतीत पिना मारलेली पाच-सहा येत असतील तर दाखलनोंदीत पाच-सहा आकडे पडतात. मार्चअखेरीला खर्च दाखवायची घाई असते ती वेगळीच. म्हणजे या कपाटाचा संपादक कोण, तर एक मोजपट्टी.

एका वाचनालयात मी ग्रंथपालबाईंना विचारलं, "मॅडम, कुलूप कशाला? मुलांना हात लावू द्या की."

"अहो दादा, पुस्तक गेलं तर भरून कोण देणार? तपासणीला साहेब येतात तेव्हा मी काय दाखवू?"

या वाक्यावर हसणं सोपं आहे. पण त्यांचा पगार ऐकला असता तर तुम्हीही गप्प बसला असता. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. ग्रंथपालाच्या अभ्यासक्रमात हे पाच नियम असतातच. पण हरवलेलं पुस्तक जर राखणाऱ्याच्या अंगावर येणार असेल, तर तो रंगनाथन यांचं ऐकेल की स्वतःच्या खिशाचं?

दुसरा दोष मला जास्त गंभीर वाटतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. नोंदवहीत, किंवा जिथं संगणक आला आहे तिथं सॉफ्टवेअरमध्ये, वर्गाच्या रकान्यात एकच शब्द असतो: 'बाल'. तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन दाखवायचं चित्रपुस्तक 'बाल'. पंधरा वर्षांच्या मुलीनं वाचायची साहसकथाही 'बाल'. एवढ्या मोठ्या पट्ट्यात मूल बोलायला शिकतं, वाचायला शिकतं, प्रेमात पडतं, घराशी भांडतं. आणि रकाना एक! कुठल्याही साध्या ॲपमध्ये यापेक्षा बरे फिल्टर असतात. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५पासून आहे, त्यावर मराठीतल्या गोष्टी फुकट वाचता येतात आणि प्रत्येक गोष्टीला एक ते चार अशी वाचनाची पातळी दिलेली असते. त्या पातळ्या काटेकोर आहेत असं माझं म्हणणं नाही. पण 'हे नुकतं वाचायला लागलेल्यासाठी' आणि 'हे सरावलेल्यासाठी' इतकं तरी त्यातून कळतं.

एकच रकाना असला की पुस्तकं हरवतात, कुलूप असूनही. जी. ए. कुलकर्णींचं 'बखर बिम्मची' मी दोन ठिकाणी शोधलं. दोन्हीकडे ते होतं, आणि दोन्हीकडे मोठ्यांच्या विभागात, 'काजळमाया'च्या शेजारी. जी. एं.चं पुस्तक म्हणजे गंभीरच असणार! बिम्म बिचारा तिथं किती वर्षं उभा आहे कोण जाणे. छापील पुस्तक एकाच खणात राहू शकतं हे मान्य. पण त्याची नोंद चार ठिकाणी राहू शकते, आणि कार्डांच्या काळापासून राहू शकते. त्याला संगणकसुद्धा लागत नाही.

आता या कपाटात काय असू शकलं असतं त्याबद्दल थोडं. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घ्या. राधा आपल्या घरातल्या माणसांबद्दल बोलते, बस्स. कुणी सुधारत नाही. आई-बाबा, आजी-आजोबा हे संस्कार करायचे खांब नसून माणसं आहेत, त्यांना सवयी आहेत, लहरी आहेत. लेखन आणि चित्रं एकाच हातची असल्यानं जे शब्दांत नाही ते चित्रात सापडतं, आणि वाचता न येणारं मूलही पानावर थांबतं. पुरंदरेंना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, म्हणजे ही काही आडबाजूची, कुणाला ठाऊक नसलेली पुस्तकं नव्हेत. मी पाहिलेल्या कपाटांत ती फक्त एकात होती, आणि तिथं त्यांची पानं सुटायला आली होती. कपाटातलं सगळ्यात फाटलेलं पुस्तक शोधा, बहुतेकदा ते सगळ्यात चांगलं असतं. पण तपासणीत फाटलेलं पुस्तक हा दोष ठरतो.

फास्टर फेणे मात्र जवळजवळ सगळीकडे आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. भा. रा. भागवतांनी बोधकथेचं ते फंक्शनच उलटं केलं. बनेश फेणे चुकतो, धडपडतो, सायकलवरून नको तिथं पोचतो, आणि गोष्ट त्याला सुधारायच्या भानगडीत न पडता त्याच्या मागे धावते. मोठी माणसं गोष्टीत असतात, पण बहुतेकदा एक पाऊल मागे. भाषा पळती आहे, कुठेही मुलांशी बोबडं बोलत नाही. भागवतांचा जन्म १९१०चा, हे लक्षात घेतलं की अजूनच नवल वाटतं. ज्यूल व्हर्नला मराठीत आणणारेही तेच.

पण फास्टर फेणे या कपाटातला जवळपास एकटाच किशोरवयीन नायक आहे, ही तक्रार त्याच्याविरुद्ध नाही, पण तक्रार आहे. फुरसुंगीचा हा पोरगा ज्या पुण्यात सायकल मारतो ते पुणं आता नाही. फुरसुंगी आमच्या पिढीला ठाऊक आहे ती कचरा डेपोच्या बातम्यांतून. त्याच्यानंतर काही लिहिलंच गेलं नाही असं नाही. संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला २०२२चा, भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ही दोन्ही पुस्तकं एकत्र असलेलं कपाट मला सापडलं नाही. पुरस्काराची बातमी वर्तमानपत्रात येते, ते वर्तमानपत्र त्याच वाचनालयाच्या टेबलावर येतं, आणि पुस्तक त्याच्या मागच्या कपाटात येत नाही.

निवड कुणी एका माणसानं करावी का, हा प्रश्न मात्र सरळ नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत ॲन कॅरोल मूर या बाईंनी मुलांच्या ग्रंथालयसेवेची घडी बसवली. १९११ साली तिथल्या मुख्य इमारतीत मुलांची खोली उघडली. मुलांनी पुस्तक घरी न्यावं, हाताळावं यासाठी मूरबाई भांडल्या. पण त्यांची आवडनिवड इतकी कडक की १९४७चं 'गुडनाइट मून' हे चित्रपुस्तक त्यांना रुचलं नाही आणि त्या ग्रंथालयात ते १९७२पर्यंत नव्हतं. आज ते जगभर मुलांना झोपवताना वाचलं जातं. एका माणसाची रुची दार बंद करू शकते ते असं. तरीही मला मूरबाईंचं कपाट आपल्यापेक्षा बरं वाटतं. त्यांच्याशी वाद घालता येत होता. मोजपट्टीशी कसा घालणार?

आणि हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं. बडोदा संस्थानात गावोगावी ग्रंथालयं उघडली, पेट्यांतून फिरती ग्रंथालयं गेली, मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग झाला. मुलांसाठी पुस्तकं कमी पडतात म्हणून 'बालज्ञानमाला' काढून ती लिहवून घेतली. 'मुलं येत नाहीत हो', हे आज प्रत्येक वाचनालयात ऐकू येणारं वाक्य ऐकलं की मला हे आठवतं.

मुलांनी यावं म्हणून जे कार्यक्रम होतात त्यांच्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी कपाट उघडतं, पुस्तकं टेबलावर मांडतात, शाळेची रांग येते, फोटो निघतो, कपाट बंद होतं. उरलेल्या वर्षात वक्तृत्व, निबंध, हस्ताक्षर, वेशभूषा. या सगळ्या स्पर्धा आहेत, आणि स्पर्धेला वाचनाची गरज नसते, पाठांतराची असते. पहिल्या तिघांना बक्षीस म्हणून काय देतात? ते पिना मारलेलं चरित्र. कुणी मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवतंय आणि मुलं नुसती ऐकतायत, असा कार्यक्रम मी या सहा-सात ठिकाणी एकदाच पाहिला. निवृत्त शिक्षिका होत्या, दर शनिवारी स्वखुशीनं येणाऱ्या. पोरं सतरंजीवर पालथी पडून ऐकत होती. खर्च शून्य.

कर्नाटकानं २०२०मध्ये 'ओदुव बेळकु' नावाची मोहीम काढली: सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयाचं सदस्यत्व फुकट. आपल्याकडच्या वर्गणीचा आणि अनामत रकमेचा आकडा शहरी माणसाला हास्यास्पद वाटेल इतका लहान असतो. पण दहा वर्षांच्या मुलाला ते पैसे घरी मागावे लागतात, आणि 'शाळेची पुस्तकं वाच आधी' हे उत्तर मिळायला तेवढंच निमित्त पुरतं.

राहिली तेरा-चौदाच्या पुढची मुलं. त्यांच्यासाठी वाचनालयाकडे एक उत्तर आहे, आणि ते जोरात चालतं: अभ्यासिका. इथे मला स्वतःच्याच मताशी थोडं भांडावं लागतं. 'वाचनालयांची अभ्यासिका झाली' असं नाक मुरडून म्हणायची साहित्यिक मंडळींत पद्धत आहे. पण दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही आणि पाहुण्यांच्या गराड्यात दहावी करणाऱ्या मुलीला पंखा, ट्यूबलाइट, शांतता आणि 'वाचनालयात जाते' असं घरी सांगता येईल अशी जागा मिळणं ही लहान गोष्ट नाही. घराबाहेर पडायला इतकं निर्विवाद कारण गावात दुसरं क्वचितच असतं. सार्वजनिक ग्रंथालयानं किशोरवयीन मुलांसाठी केलेलं हे सगळ्यात उपयोगाचं काम आहे आणि ते अनुदानाच्या कुठल्याही ध्येयवाक्यापेक्षा खरं आहे.

माझा आक्षेप एवढाच की ही मुलं रोज सहा तास पुस्तकांच्या इमारतीत बसतात आणि पुस्तकांपासून त्यांना नियमानं दूर ठेवलं जातं. अनेक ठिकाणी अभ्यासिकेची फी वेगळी, वाचनालयाची वर्गणी वेगळी. अठराच्या आतल्याला मिळतं ते बालविभागाचं कार्ड, म्हणजे पुन्हा तेच कपाट. सुहास शिरवळकर, नारायण धारप, विंदा, 'मृत्युंजय', जे आपण सगळ्यांनी नेमकं याच वयात, बहुतेकदा मोठ्या भावाच्या किंवा मावशीच्या कार्डावर वाचलं, ते सगळं काउंटरच्या पलीकडे. केंद्राच्या २०२३च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी आणि किशोरांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली, बालभारतीनं 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक ऑनलाइन खुले केले आहेत. 'किशोर'चा तो खजिना खरंच उघडून बघा, जुन्या अंकांतली चित्रं बघायला तरी. पण याची माहिती देणारा साधा कागद अभ्यासिकेच्या भिंतीवर मला कुठे दिसला नाही. भिंतीवर पोलीस भरतीच्या क्लासची जाहिरात होती, आणि 'मोबाइल वापरण्यास सक्त मनाई'.

ती मनाई कुणी पाळत नाही हे सांगायला नकोच. मागच्या महिन्यात एका अभ्यासिकेत माझ्या समोर दहावीतली असेल अशी मुलगी बसली होती. भूमितीचं पुस्तक उभं धरलेलं, त्याच्या आत फोन. तासभर तिचा अंगठा एका लयीत वर सरकत होता. पाणी प्यायला उठली तेव्हा मी विचारलं, रील्स का? तिला ते जरा लागलं.

"नाही ओ दादा. भयकथा आहे. प्रतिलिपीवर. छत्तीस भाग झालेत, अजून संपली नाही."

"धारप वाचलेस का?"

"कोण?"

तिच्या खुर्चीपासून काउंटर दहा पावलांवर होतं. काउंटरच्या मागे, डावीकडच्या तिसऱ्या कपाटात, धारपांची पुस्तकं दिसत होती. मी ग्रंथपालांकडे गेलो. ते म्हणाले, तिच्या कार्डावर नाही देता येणार, तुम्ही तुमच्या कार्डावर न्या.